आधी ‘बरं झालं’ म्हणणारी माणसं शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एका तरुण पटकथालेखिकेने आपल्या पहिल्या चित्रपटाचं कथाबीज पाठवलं आहे. साल २०९०. पृथ्वीवरचा ऑक्सिजन संपत आलाय, एक बलाढ्य कंपनी तो सिलिंडरमधून विकते, प्रत्येकाच्या मेंदूत चिप बसवलेली आहे आणि एक तरुण बंड करून उठतो. दोन प्रोड्यूसरांनी नॅरेशन, म्हणजे तोंडी सांगितलेली कथा, ऐकून ‘आयडिया चांगली आहे, पण पटत नाही’ असं सांगितलं. का पटत नाही, काय बदलू, आणि आयडिया चोरीला जाऊ नये म्हणून काय करू, असं तुम्ही विचारता.

प्रोड्यूसर ‘पटत नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात सहसा विज्ञान नसतं. तरी विज्ञानाचं आधी उरकून टाकू, कारण तुमच्या बाबतीत गाडी तिथेही अडते. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आहे आणि तो साठा इतका अफाट आहे की जमिनीखालचा सगळा कोळसा आणि तेल जाळून टाकलं तरी त्यातला थोडासाच भाग कमी होईल. तेव्हा २०९० पर्यंत तो संपणार नाही. आता सिलिंडर. दवाखान्यातला मोठा, जंबो सिलिंडर साधारण ७,००० लिटरचा असतो. मिनिटाला ५ लिटर सोडला तर एका माणसाला तो जेमतेम एक दिवस जातो. म्हणजे चौघांच्या घराला रोज चार, आणि तीस लाखांच्या शहराला रोज तीस लाख सिलिंडर. ते भरणार कुठे, वाहणार कोण, रिकामे परत नेणार कोण? २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये घरच्या माणसासाठी एक सिलिंडर भरून मिळावा म्हणून ज्यांनी प्लँटबाहेर रात्र काढली, त्या प्रेक्षकांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा लागत नाही. खोट कुठे आहे ते त्यांना बसल्या जागी कळतं.

मेंदूतली चिप तूर्त काढूनच टाका. एका चित्रपटात प्रेक्षक एक नवी गोष्ट विनातक्रार मान्य करतो. दुसरी मागितली की तो खुर्चीत मागे रेलतो.

आता खरं दुखणं. तुमच्या कथेत कंपनी दुष्ट आहे, जनता बिचारी आहे, आणि हे सगळं असं कसं झालं याचं उत्तर ‘सुरुवातीच्या व्हॉइसओव्हरमध्ये येईल’ एवढंच आहे. लोकांनी हे मुकाट्याने का चालवून घेतलं, ते कुठेच नाही. जुलमी व्यवस्था एका रात्रीत आकाशातून पडत नाही. ती कुठल्यातरी खऱ्या अडचणीवरचा उपाय म्हणून येते आणि त्या दिवशी बरीच शहाणीसुरती माणसं ‘बरं झालं’ म्हणतात. तुमच्या कथेतली ती माणसं कोण, त्यांची अडचण काय होती आणि तो उपाय त्यांना खरोखर लागू पडला का, हे तुम्हाला ठाऊक असेल तर कथाबीज उभं राहतं. पडद्यावर त्यातलं काहीही आलं नाही तरी चालेल.

याची उदाहरणं बाहेरून आणायची गरज नाही. १८९७ चं पुणं घ्या. प्लेग खोटा नव्हता, माणसं खरोखर पटापट मरत होती. साथरोगाचा कायदा त्याच वर्षी झाला. रँडच्या प्लेग कमिटीने गोरे सोल्जर घराघरांत घातले. ते माजघरात शिरले, देवघरात शिरले, सामान बाहेर काढलं, बायकांची तपासणी केली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. शाळेत आपण ही गोष्ट क्रांतिकारकांच्या बाजूने वाचतो आणि ते ठीकच आहे. पटकथालेखकाने ती एकदा त्या कायद्याच्या बाजूनेही वाचावी. रोगाची भीती खरी, उपायाचा काही भाग योग्य, आणि अपमान त्या उपायाच्याच पोटात. तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर निघाला, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी ‘बरं झालं’ म्हटलं, आणि तसं म्हणायला तेव्हा कारणही होतं.

दुसरं उदाहरण आणीबाणीतल्या नसबंदीचं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. इथे बघायचं ते यंत्रणेकडे. वरून आकडा सुटला, खाली येता येता तो वाटला गेला आणि शेवटी गावातल्या मास्तरच्या अंगावर येऊन पडला. केसेस आणल्या नाहीत तर पगार अडणार. त्या मास्तरला कुणाचाही छळ करायचा नाही, त्याला पहिल्या तारखेला पगार हवा आहे. तो संध्याकाळी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि हळूच विषय काढतो. काचेच्या इमारतीत पाठमोऱ्या उभ्या असलेल्या तुमच्या सीईओपेक्षा हा मास्तर शंभर पटीने भीतिदायक आहे, कारण त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे प्रेक्षकाला पक्कं सांगता येत नाही.

तर आता आपल्या गावात या. इंदूरचा अभिमान कशात आहे? स्वच्छतेत. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वर्षं पहिला नंबर. सकाळी गाणं वाजवत गाडी येते, ओला वेगळा, सुका वेगळा, आणि पोरंसुद्धा रस्त्यावर रॅपर टाकणाऱ्या पाहुण्याला टोकतात. देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून गॅस काढायचा प्लँट २०२२ मध्ये सुरू झाला. हे मी कौतुकानेच सांगतोय, खवचटपणे नाही. आणि कौतुक आहे म्हणूनच ते कथेला चालतं. ज्या गोष्टीची सगळ्यांना लाज वाटते तिच्यावर डिस्टोपिया, म्हणजे जाचक भविष्याची कथा, रचणं सोपं असतं आणि तो सपक होतो. जिचा अभिमान वाटतो ती घ्या.

इथून पुढचं सगळं काल्पनिक. समजा, दहा-पंधरा वर्षांनंतरचं असंच एक शहर. पिशव्यांवर प्रत्येक घराचा बारकोड येतो. जो नीट वेगळा करून देईल त्याला घरपट्टीत सूट. यात वाईट काय? काहीच नाही. मग एक दिवस ओल्या कचऱ्यात कुणीतरी बॅटरी टाकतो, प्लँटमध्ये आग लागते, एक कामगार भाजतो. म्हणून गाडीवर कॅमेरा बसतो. इथेही नाही म्हणणार कोण? त्या कामगाराच्या बायकोचा चेहरा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेला असतो. कॅमेऱ्याला बॅटरी ओळखता येते तशी गोळ्यांची स्ट्रिपही ओळखता येते, इन्सुलिनची सुई ओळखता येते, दारूची बाटली, बाळाचा डायपर, सगळंच ओळखता येतं. ही माहिती विमा कंपनीला हवी असते आणि ती चांगला भाव देते. त्या पैशातून शहराचे रस्ते होतात, आणि बरे होतात. ‘चांगल्या’ कचऱ्याच्या घरांचा हप्ता कमी होतो. मग सोसायट्या फाटकावर घरांची श्रेणी लावतात. मग भाडेकरूकडून कचऱ्याचा उतारा मागतात. आणि आपले लोक आपलेच असल्यामुळे, मग विवाह मंडळात स्थळाबरोबर पत्रिकेआधी तोच उतारा बघितला जातो.

प्रत्येक पायरीला एक कारण आहे आणि त्यातलं एकही कारण खोटं नाही. तुमच्या कथेत ही शिडी नव्हती. तिथे थेट वरच्या मजल्यावर नेऊन प्रेक्षकाला ‘बघा केवढं भयंकर’ असं सांगितलं जात होतं.

शिडी झाली की एक घर जवळून बघायचं. लोकमान्य नगरातलं जुनं बैठं घर धरा. सकाळचे सात. सासूबाईंना विसरायला होऊ लागलंय आणि सूनबाईने त्यांच्या गोळ्या इंदूरबाहेरून, रोख पैसे देऊन आणल्यात. स्ट्रिप कॅमेऱ्याला दिसली तर घरावर ‘देखरेख’ लागणार, दीराच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न अडणार. सून कात्रीने स्ट्रिपचे नखाएवढे तुकडे करते, ते दुधीच्या सालींत मिसळते, वर चहाचा चोथा ओतते. बाहेर गाडीचं गाणं जवळ येतंय. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतात, ‘अगं, दुधीची भाजी केलीस का?’ दुधी त्यांनीच पाच मिनिटांपूर्वी सोलून दिलाय. गाडीवरचा पोरगा पिशवी घेतो, मशीनवर ठेवतो, पिवळा दिवा लागतो. तो दिव्याकडे बघतो, तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘काकू, जरा जास्त बारीक चिरत जाऊ नका.’ त्याला कळलंय. तो आज सोडतोय. उद्याचं सांगता येत नाही, त्यालाही महिन्याला ठरावीक केसेस दाखवायच्या आहेत.

या सीनमध्ये एकही भविष्यकालीन इमारत नाही, व्हीएफएक्सचा खर्च नाही, आणि त्या जगाबद्दल जे कळायला हवं ते सगळं कळलं. पहिल्या चित्रपटाचं बजेट बघता हा मुद्दा किरकोळ समजू नका. बारीक काम एका गाडीवर आणि एका दिव्यावर करता येतं. २०९० चं अख्खं शहर उभं करायला गेलात तर पैसे संपतील आणि तरी ते कंप्युटर गेमसारखंच दिसेल. पडद्यावर साल लिहूच नका.

यानंतर पळवाट. नवे लेखक ही जागा नेहमी रिकामी ठेवतात. आपल्याकडे असा कुठला नियम आहे, ज्याच्या शेजारी त्यातून सुटका विकणारा माणूस बसलेला नाही? तुमच्या कथेत ऑक्सिजनचा काळाबाजार कसा नाही, हा प्रश्न मला पहिल्या पानावरच पडला होता. कचऱ्याच्या शहरात रात्री ‘अवघड’ कचरा घेऊन जाणारा कुणीतरी असणारच. पण घरातून कचराच निघाला नाही तर तोही संशय. म्हणून तोच माणूस बदली माल पुरवतो: केळ्याची सालं, पालकाच्या काड्या, साखर न घातलेल्या चहाचा चोथा. निरोगी, निर्व्यसनी, चौकोनी कुटुंबाचा प्रतिष्ठित कचरा, किलोवर. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री खाण्याच्या गाड्या आवरतात तेव्हा त्याची खरेदी सुरू होते. हे सुचलं तेव्हा मी एकटाच हसलो. हसू आलं की समजावं, जग चालू झालं, कारण खऱ्या जाचक व्यवस्थांमध्येही विनोद असतोच.

आणि वन-लाइनर आपोआप मिळतो: ‘जिथे घरचा कचरा माणसाची पत ठरवतो अशा शहरात, प्रतिष्ठित कचरा विकून पोट भरणाऱ्या माणसाकडे एका रात्री कचरा-मोजणी खात्याची मुख्य अधिकारीच गिऱ्हाईक म्हणून येते.’ तिच्या घरात काय लपवायचं आहे? हा प्रश्न नॅरेशन ऐकणाऱ्याने विचारला की अर्धं काम झालं. (खातं मात्र काल्पनिक ठेवा. खऱ्या महापालिकेचं नाव घेतलंत तर कथेऐवजी बातमीची चर्चा होईल.)

माझ्याकडे येणाऱ्या लेखकांना मी त्या जगाचा इतिहास लिहायला लावत नाही. पन्नास पानांचा इतिहास लिहिला की लेखक त्याच्या प्रेमात पडतो आणि तो सगळा पात्रांच्या तोंडी घालतो. मी त्या जगातला एक छापील फॉर्म बनवून आणायला सांगतो. आपल्या शहरातला बनवूया. घर क्रमांक. सदस्यसंख्या. मागील महिन्याचं सरासरी वजन, ओला, सुका. चालू महिन्यातली तफावत. आणि मग तो रकाना: ‘तफावतीचं कारण’. खाली बारीक अक्षरात मान्य कारणं दिलीत: पाहुणे, लग्नकार्य, बाळंतपण, प्रवास, मयत. पुराव्याची प्रत जोडावी. नवरा गेल्यावर दुसऱ्या महिन्यात एक बाई खिडकीशी उभी आहे. वजन दीड किलोने कमी आलंय आणि कारकून तिला सांगतोय की ‘मयत’ची मुदत एका महिन्याचीच असते, पुढच्या महिन्यापासून सदस्यसंख्या बदलून घ्या. तो उद्धट नाही, उलट तिला स्वतःचं पेन देतो. फॉर्ममध्ये अपील कुणाकडे, किती दिवसांत, फी किती, हेही लिहा. कारण तुमचा नायक आधी अपीलच करेल. बंड हे शेवटी सुचतं, आधी माणूस झेरॉक्स काढतो.

खलनायकाबद्दल थोडंसं. सगळ्यात चांगला संघर्ष तो, ज्यात दोन्ही बाजूंचं खरं असतं. आपल्या शेजारीच घडलेलं बघा. भोपाळच्या युनियन कार्बाईडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा १९८४ नंतर चाळीस वर्षं तिथेच पडून होता. कोर्टाने तो हलवायला सांगितलं आणि २०२५ च्या पहिल्याच दिवशी रात्री तो १२ कंटेनरमधून इंदूरजवळच्या पीथमपूरला जाळायला निघाला. भोपाळकरांना तो तिथे नको होता, आणि का नको होता ते सांगायला नको. पीथमपूरकर रस्त्यावर उतरले, त्यांचीही भीती समजण्यासारखी होती. आता त्या रात्री कंटेनर चालवणारा ड्रायव्हर पीथमपूरचाच आहे अशी कल्पना करा. दुष्ट माणूस शोधायची गरज उरते का? तुमच्या कंपनीच्या मालकाचा विचार या दिशेने करून बघा, त्याचं म्हणणं पटण्यासारखं लिहा. त्याचं भाषण लिहून तुम्हाला स्वतःलाच क्षणभर ‘बरोबर बोलतोय की’ वाटलं पाहिजे.

आता तुमचं मूळ कथाबीज. ते टाकून देऊ नका. ऑक्सिजन काढा, स्वच्छ हवा घाला. तिथे विज्ञान तुमच्या बाजूला येतं. दिल्लीत हवेचा निर्देशांक ४५० च्या वर गेला की प्रदूषणावरच्या नियमांचा चौथा टप्पा लागतो, ट्रकबंदी येते, बांधकामं बंद पडतात. नियम हवेसाठी, आणि सगळ्यांच्या भल्याचा. पण त्या दिवशी चूल कुणाची विझते? बांधकामावरच्या मजुराची, जो सगळ्यात जास्त वेळ त्याच हवेत होता. टंचाईची कथा लिहिताना लेखक ओसाड वाळवंट रंगवतात. २०१६ साली लातूरला पाणी संपलं तेव्हा काय झालं? टाक्यांपाशी १४४ कलम लागलं, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, आणि घराघरांतला दिवस टँकरच्या वेळेवर चालू लागला. रांग, नंबर, घागर धरायला शाळा बुडवून उभी केलेली पोरगी. टंचाई अशी दिसते.

तर एक सोसायटी घ्या, बंद खिडक्यांची, मध्यवर्ती फिल्टरची, जिथे मेंटेनन्समध्ये हवेचा वेगळा आकार लागतो. पहिल्या सभेत हात कुणी वर केला? दमेकरी मुलाच्या आईने. ती बाई पुढे पूर्ण चित्रपटभर बरोबर आणि चूक दोन्ही राहू शकते. थकबाकीदाराच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद करायचा ठराव कोण मांडतं? आणि तुमचा बंडखोर तरुण? त्याच्या जागी मी वॉचमनला घेईन. बारा तास बाहेरच्या हवेत बसून आतली हवा राखणारा माणूस. त्याला आत यायची परवानगी किती मिनिटांची, याचा फॉर्म आधी बनवा.

एक विनंतीही आहे. इंदूर दाखवायचं म्हणून पहिल्याच सीनमध्ये पोहे-जलेबी नको. गाव बोलण्यातून येऊ द्या. नोटीस हिंदीत, घरातलं भांडण मराठीत, आणि भांडण चढलं की पुन्हा हिंदीत. आपल्या घरांत चालतं तसंच.

राहिला चोरीचा प्रश्न. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच ते स्पष्ट केलंय. संरक्षण मिळतं ते कल्पना ज्या रीतीने मांडली त्या मांडणीला. म्हणून एका ओळीवर नॅरेशन द्यायला जाऊ नका. पात्रं, पायऱ्या, मुख्य सीन आणि शेवट असलेली दहा-बारा पानांची ट्रीटमेंट लिहा, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन ती ऑनलाइन रजिस्टर करा, आणि नॅरेशन झाल्यावर त्याच दिवशी ‘आज ऐकवली ती ट्रीटमेंट सोबत जोडली आहे’ असा दोन ओळींचा ईमेल प्रोड्यूसरला पाठवून ठेवा. सोसायटीचा ड्राफ्ट झाला की तो पाठवा, पण फॉर्म सोबत असेल तरच मी वाचेन.